निरंक: सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्रसूतिकक्षाचं प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशातल्या तीनपैकी एका जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला ३० खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय आहे. कोणतं ते सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी जिल्ह्याच्या गुणवत्ता कक्षात कंत्राटी समन्वयक होतो. रुग्णालयांना भेटी द्यायच्या, तपासणी सूची भरायची, गुण काढायचे आणि महिन्याच्या आढावा बैठकीसाठी तक्ते करायचे, हे माझं काम.

या रुग्णालयात महिन्याला शंभराच्या आसपास बाळंतपणं होतात. सपाटीवरच्या केळी-कापसाच्या गावांतल्या बाया येतात, तशा वरच्या पाड्यांवरच्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांतल्याही. वरून येणाऱ्यांना रस्ता लागेपर्यंत झोळी आणि तिथून पुढे १०२ ची गाडी. होळीच्या आगेमागे गुजरातेतून ऊसतोडीची माणसं परतली की त्यांच्यात एखादी सात-आठ महिन्यांची गरोदर बाई असतेच, जिचं नाव आपल्याकडच्या कुठल्याच यादीत नसतं.

देखरेख कमी होती असं कोणी म्हणू नये. २००८ पासून दर महिन्याचा अहवाल एचएमआयएसवर, म्हणजे केंद्राच्या आरोग्य-आकड्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर जातो. प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम डिसेंबर २०१७ मध्ये आला, त्याची लांबलचक तपासणी सूची आहे आणि प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागतात. मातामृत्यू झाला तर २४ तासांत कळवायचं, मग चौकशी, मग जिल्हाधिकाऱ्यांसमोर आढावा. त्याला मृताच्या नातेवाइकांनाही बोलावतात. प्रसूतिकक्षातली रजिस्टरं मी एकदा मोजली, चौदा भरली.

एक गुंता मात्र बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्याचा कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जातो. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘सीएस साहेबां’च्या हाताखाली. पाड्यावरची बाई एका रात्रीत दोन्ही खात्यांतून जाते. तिचा कागद तसा जात नाही.

आणि महाराष्ट्राची सरासरी चांगली आहे. नमुना नोंदणीच्या २०१८–२० च्या आकड्यांत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते आणि राज्यात ३३. एवढ्या चांगल्या आकड्याखाली एखादा तालुका वर्षानुवर्षं दडून राहू शकतो.

त्या रात्री काय झालं

मे महिना. पावरा कुटुंबातली एक बाई, दुसरं बाळंतपण, संध्याकाळी १०२ नं आणलेली. केसपेपरनुसार रात्री १ वाजून ५० मिनिटांनी मुलगी झाली, वार पूर्ण पडली, रक्तस्राव २०० मिली. २ वाजून २० मिनिटांनी नोंद आहे, ‘रक्तस्राव जास्त, गर्भाशय सैल’. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन दिलं, सलाईन लावलं, त्याच कामाचं मिझोप्रोस्टॉल दिलं. ३ वाजून १० मिनिटांनी ‘जिल्हा रुग्णालयात संदर्भित’.

रक्त वाहतंय हे आधी दिसलं ते मावशींना. बाईच्या खालची चादर बदलायला गेल्या आणि ओरडल्या, “सिस्टर, रगत थांबत नई शे!” ड्यूटीवर एकच सिस्टर होती आणि दुसऱ्या टेबलावर दुसरी बाई कळा देत होती.

जिल्हा रुग्णालय तिथून पावणेदोन तासांवर. तिथं रक्त चढवलं, शेवटी गर्भाशय काढावं लागलं. बाई वाचली आणि बाळही ठीक राहिलं.

वाचली म्हणून मृत्यू-चौकशीचा प्रश्नच आला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या रुग्णालयाचा मे महिन्याचा अहवाल आला. ‘प्रसूतीपश्चात अतिरक्तस्राव’ या रकान्यासमोर लिहिलं होतं, निरंक. म्हणजे एकही केस नाही.

अडचण

आधी वाटलं, अहवालात आकडे भरणाऱ्या ऑपरेटरची चूक असेल. त्याला फोन केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तो प्रसूती रजिस्टरवरून आकडे उचलतो, आणि तिथं रात्री दोनच्या सुमाराला ‘नॉर्मल, २०० मिली’ एवढंच लिहिलेलं. पुढचं सगळं केसपेपरवर आणि संदर्भसेवेच्या रजिस्टरात. तो ही रजिस्टरं एकमेकांशी ताडत नाही, तसं त्याला कोणी सांगितलेलंही नाही.

मग मागचे महिने काढले. बारा महिने निरंक. पाठ्यपुस्तकं सांगतात, शंभर बाळंतपणांत निदान दोन-चार बायांना ५०० मिलीच्या वर रक्त जातं. हजारावर बाळंतपणांत एकही नाही, हे गणितातच बसत नव्हतं.

दोन दिवसांनी रुग्णालयात जाऊन रजिस्टर उघडलं. रक्तस्रावाच्या रकान्यावरून वरपासून खाली बोट फिरवलं: २००, १५०, २००, २००, २५०, २००, १५०, २००. पानामागून पान. एकही १८० नाही, ३४० नाही. मोजलेल्या गोष्टी अशा गोल आकड्यांत येत नाहीत.

पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा आलेख, तेही तसेच. गर्भाशयाचं तोंड उघडण्याची रेघ प्रत्येक कागदावर सावधतेच्या रेषेला चिकटून, ताशी एक सेंटिमीटर, जणू पट्टीनं ओढलेली. बाळ झाल्यावर बसून काढलेला पार्टोग्राफ असाच दिसतो.

शेवटी फ्रिज. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. उन्हात राहिलं की त्याचा जोर कमी होतो आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. बाहेर पारा ४५ च्या आसपास. फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४, सगळं एकाच पेननं, आणि तारीख होती दहा तर तक्ता बारापर्यंत भरलेला. आत पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी डबा, आणि थर्मामीटर १९ वर. दुपारी वीज जाते तेव्हा जनरेटर ऑपरेशन थिएटरला मिळतो, प्रसूतिकक्षाच्या फ्रिजला नाही.

इथं माझंही सांगितलं पाहिजे. मार्चमध्ये हाच फ्रिज मीच तपासला होता. सूचीतला प्रश्न ‘तापमानाचा तक्ता भरला जातो का?’ मी ‘हो’ लिहून पूर्ण गुण दिले होते. दार उघडलं नव्हतं.

इन्चार्ज सिस्टरांची बावीस वर्षं नोकरी झालेली. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आदल्या वर्षाची कारणे दाखवा नोटीस. “सर, त्या महिन्यात आम्ही तीन केसेस लिहिल्या होत्या. तिन्ही बाया इथंच बऱ्या करून घरी पाठवल्या. नोटीस आली, की तुमच्याकडे रक्तस्रावाचं प्रमाण जास्त का? त्यानंतर आम्ही लिहायचं सोडलं.”

एवढं ऐकल्यावर फसवणूक वगैरे शब्द माझ्या डोक्यातून गेले. जिल्ह्यानं जे मागितलं तेच ते पुरवत होते.

समोरचे पर्याय

सीएस साहेबांपुढे मी चार रस्ते मांडले. पहिला खात्याच्या सवयीचा: सिस्टरला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस, खोटी नोंद केल्याबद्दल. कागदोपत्री तो पूर्ण योग्य होता. त्यानं एका रुग्णालयाची नोंद कदाचित सुधारली असती आणि बाकीच्या सगळ्यांनी जास्त सफाईनं लिहायला शिकलं असतं.

दुसरा, नवीन ॲप. जिल्ह्यात त्याची हौस असणारे होते. चौदा रजिस्टरांवर पंधरावं, आणि रात्री तीन वाजता एकटी सिस्टर ते भरणार. यावर फार बोलायला नको.

तिसरा, ‘लक्ष्य’च्या बाहेरच्या मूल्यांकनाची वाट पाहायची. परीक्षक येतात, मोठं काम होतं, हे खरं. पण त्याला अजून सहा-आठ महिने होते, आणि परीक्षेच्या दिवशी फ्रिज ४ अंशांवरच असतो.

चौथा, आधी रक्त मोजायचं, मग लिहायचं. यात एक अट होती आणि ती जिल्ह्यावर होती. मोजायला लागलं की आकडा वाढणार, आणि वाढलेल्या आकड्याबद्दल कोणाला नोटीस जाणार नाही, हे लेखी द्यायला हवं होतं.

साहेब बराच वेळ गप्प होते. त्यांची अडचण खरी होती. वरच्या बैठकीत त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. नंदुरबार तर २०१८ पासून आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्रानं निवडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत, तिथले आकडे थेट दिल्लीत पाहतात. खान्देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला तो दट्ट्या कमी-जास्त जाणवतो. शेवटी म्हणाले, “तीन महिने करून बघू. पण पत्र एकाच रुग्णालयाला देतो, सगळ्यांना नाही.”

हा पहिला निर्णयबिंदू. एकाच रुग्णालयापुरतं पत्र, ही तडजोड मी मान्य केली. ती पुढे महागात पडली.

काय केलं

रक्त मोजण्याची पिशवी म्हणजे बाळ झाल्याबरोबर बाईच्या खाली सरकवायचं प्लास्टिकचं आच्छादन, खाली नरसाळ्यासारखा खिसा, त्यावर मिलीच्या खुणा. बाळ होण्याआधी लावली तर पाणी आणि लघवी मिसळून आकडा फुगतो, म्हणून वेळ महत्त्वाची. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेली मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशी पिशवी आणि रक्तस्राव दिसताच एकदम द्यायचे उपचार, या जोडीनं गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात नवं औषध कुठलंच नव्हतं. सगळी औषधं आपल्या भांडारात आहेत.

पहिल्या पन्नास पिशव्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून घेतल्या. त्या दोन-तीन आठवड्यांत संपल्या आणि पुढची मागणी भांडारात अडकली. तेव्हा उपाय काढला मावशींनी. बाळाच्या वजनकाट्यावर भिजलेले पॅड ठेवायचे, कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. काट्यासाठी वेगळा प्लास्टिकचा ट्रे घेतला आणि भिंतीवर कोरड्या पॅडचं वजन मार्करनं लिहिलं. दिसायला ओबडधोबड, पण २०० च्या रांगेत १८० आणि ३४० दिसायला लागले.

दुसरं काम ट्रेचं. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यायचं असतं. ते भांडारात होतं आणि भांडाराची किल्ली फार्मासिस्टच्या घरी. आता ऑक्सिटोसिन सोडून सगळं एका लाल ट्रेमध्ये, टेबलापासून हातभर अंतरावर. फ्रिजमधल्या बाटल्या आणि डबे बाहेर गेले. प्रसूतिकक्षाचा फ्रिज जनरेटरच्या लाइनवर घ्यायला इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस लागला. ती मागणी मात्र दोन वर्षं पडून होती.

तिसरं, कागद. चौदा रजिस्टरांची सात केली. त्याला साहेबांची सही लागली, कारण ‘तपासणीला आले तर?’ ही भीती सगळ्यांना. ऑपरेटरला सांगितलं, महिन्याच्या शेवटी प्रसूती रजिस्टर आणि संदर्भसेवेचं रजिस्टर शेजारी ठेवून नाव नाव ताडायचं. आणि जिल्हा रुग्णालयातून परतीचा निरोप, म्हणजे पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी फोनवर. त्याआधी सिस्टरांना हे कधी कळतच नसे. मेच्या त्या बाईचं गर्भाशय काढलं, हे प्रसूतिकक्षात माझ्या तोंडूनच कळलं.

चौथं, दर सोमवारी अर्धा तास बसायचं. मरता मरता वाचलेल्या बायांच्या आढाव्यासाठी केंद्राची मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहे, पण ती प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांसाठी. लहान ठिकाणी मातामृत्यू एखाद्या वर्षी होतो, एखाद्या वर्षी होत नाही. त्यावरून काम सुधारलं की बिघडलं हे ठरवता येत नाही. वाचलेल्या बाया मात्र दर महिन्याला असतात. मेच्या केसचा आढावा आम्ही तिथंच घेतला. केसपेपरवरच्या वेळा लावल्या, रक्तस्राव दिसल्यापासून पाठवेपर्यंत ५० मिनिटं, आणि निष्कर्ष काढला की पाठवायला फारसा उशीर नव्हता, औषधात जोर नव्हता. या निष्कर्षाकडे पुन्हा येतो.

जिल्ह्याची बैठक

पहिल्याच पूर्ण महिन्यात निरंकचे पाच झाले. पाचही बाया तिथंच सावरल्या, एकीलाही पाठवावं लागलं नाही.

बैठकीत मीच केलेला तक्ता पडद्यावर. सगळी रुग्णालयं हिरवी आणि हे एक लालभडक. अध्यक्षस्थानावरून प्रश्न आला, “तुमच्याकडेच एवढ्या केसेस कशा?” वैद्यकीय अधिकारी उभे राहिले, पत्राचा उल्लेख करायला लागले, तोवर शेजारच्या तालुक्याचं ‘सलग निरंक’ म्हणून कौतुकही झालं. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “पुढच्या महिन्यात काय लिहू ते तुम्हीच सांगा.”

चूक माझी होती. रंग मी ठरवले होते. कमी आकडा हिरवा, जास्त लाल, हे तक्त्यात मीच घातलं होतं आणि पत्र निघाल्यावरही बदललं नव्हतं. बैठकीआधी अध्यक्षांना एक पानाची टिप्पणी द्यायला हवी होती, तीही दिली नव्हती.

पुढच्या बैठकीआधी तक्ता उलटा केला. अतिरक्तस्रावाला रंगच ठेवला नाही. त्याच्याजागी तीन गोष्टी: किती बाळंतपणांत रक्त मोजलं, ५०० च्या वर गेल्यावर किती मिनिटांत औषध दिलं, आणि पाठवलेल्यांपैकी कितीजणींचं पुढे काय झालं ते माहीत आहे. सोबत एक नियम. पन्नासावर बाळंतपणं असूनही निरंक लिहिलं, तर मूळ रजिस्टर घेऊन बैठकीला यायचं. साहेबांनी हे मान्य केलं आणि पत्र या वेळी सगळ्यांना निघालं. त्या महिन्यात ‘सलग निरंक’वाल्या तालुक्यातही दोन केसेस निघाल्या.

निष्पत्ती

मातामृत्यू कमी झाले असं मी म्हणणार नाही. एवढ्या लहान आकड्यांवर तसा दावा करणारा माणूस एक तर तक्ता विकतोय किंवा स्वतःला फसवतोय. जे डोळ्यांनी दिसलं ते सांगतो. फ्रिजचा तक्ता आता ३, ६, ५, ९ असा असतो, आणि ९ च्या शेजारी ‘लाइट नव्हती’ असं लिहिलेलं असतं. दिवसपाळीत पार्टोग्राफ कळा सुरू असतानाच भरला जातो. रात्रपाळीत अजूनही नाही, कारण रात्री सिस्टर एकच आहे, आणि त्यावर तक्त्याचा इलाज चालत नाही. पद मंजूर आहे, माणूस नाही.

पिशव्यांचा पुरवठा तुटकच राहिला. वर्षाच्या आत इन्चार्ज सिस्टरांची बदली झाली. नव्या सिस्टरनं दोन महिने पुन्हा २००, २०० लिहिलं; मग मावशींनीच त्यांना वजनकाट्याकडे नेलं.

पाड्यावरची घरची बाळंतपणं या सगळ्याच्या बाहेरच राहिली. ऊसतोडीला गेलेली बाई गुजरातेत फडावर बाळंत झाली, तर ती ना तिथल्या आकड्यात येते ना इथल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पत्र पहिल्या दिवसापासून सगळ्या रुग्णालयांना जायला हवं होतं. एकट्यालाच खरं बोलायला सांगणं म्हणजे त्याला बैठकीत एकटं उभं करणं. तक्ता पत्राच्या आधी बदलायला हवा होता. जिल्हा परिषदेकडच्या लोकांना आम्ही चौथ्या महिन्यात बोलावलं. आशाताईंना वरून येणाऱ्या बायांची माहिती आमच्याआधी असते, आणि त्यांना विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्या ‘दुसऱ्या खात्याच्या’.

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट नऊ महिन्यांनी कळली. फेब्रुवारीत मी रुग्णालयात होतो. आशाताई एका बाईला बाळाच्या गोवर-रुबेलाच्या डोसासाठी घेऊन आल्या होत्या. तीच मेची बाई. ताई मध्ये बसून तिचं पावरी आम्हाला समजावून सांगत होत्या. इतक्या आढाव्यांत आम्ही तिला एकदाही काही विचारलं नव्हतं, म्हणून विचारलं, त्या रात्रीचं काय आठवतं?

तिनं सांगितलं, चादर दोनदा बदलली. बाळाला सासूनं धरलं होतं. नवरा बाहेर गाडीसाठी फोन लावत होता आणि कोणीतरी त्याला ‘थांब, डॉक्टर येतायत’ म्हणत होतं. आणि गाडीत घातलं तेव्हा उजाडत होतं, डोंगर दिसायला लागला होता.

मे महिन्यात आमच्याकडे सव्वापाच-साडेपाचला उजाडतं. केसपेपरवर ३ वाजून १० मिनिटं होती. १०८ रुग्णवाहिकेच्या कार्यालयातून त्या रात्रीची नोंद मागवली. फोन ४ वाजून ४० मिनिटांनी, गाडी निघाली ५ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे सोमवारच्या बैठकीत आम्ही ज्या ५० मिनिटांवर चर्चा केली ती तीन तास होती, आणि ‘पाठवायला फारसा उशीर नव्हता’ हा आमचा निष्कर्ष केसपेपरवरच्या एका वेळेवर उभा होता.

मावशींनी तो केसपेपर शोधून काढला. खाडाखोड केली नाही. इन्चार्ज सिस्टरनं ३.१० च्या शेजारी लाल शाईनं १०८ च्या दोन्ही वेळा लिहिल्या, खाली सही आणि त्या दिवसाची तारीख.